तुमच्यासंगं आलेली बाई

ही गोष्ट खरी आहे.

दरवेळी सांगायला घेतली की कुणीतरी शहाणा हसतोच. "बाळंतिणीला भास झाला असेल," म्हणतो. अहो, भास एका माणसाला होतो. अख्ख्या घराला, सुइणीसकट, एकाच दुपारी सारखाच भास कसा होईल? तेव्हा हसायचं असेल तर शेवटी हसा. मी अडवणार नाही.

पार्बताबाई ही माझ्या आईच्या आजीची आजी. तिनं हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तेही घाबरून नाही, चिडून. ती बाई घाबरायची कमी आणि चिडायची जास्त.

साल अठराशे पासष्ट. होळीच्या आधीचे दिवस. जागा म्हणजे मोर्शीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं अजून लोक राहतात, लेकी-सुना नांदतात.

आणि हो, यातलं जवळपास सगळं भर दिवसा घडलं.

तेच मला जास्त खुपतं.

पार्बताबाईचा नवरा सूर्यभान. चांदूर बाजारजवळचा शेतकरी, काळ्या जमिनीचा मालक. तिकडे अमेरिकेत लढाई लागलेली, तिथला कापूस अडकून पडलेला, आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव की माणसं येडी झाली होती. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कुणी गाडीच्या चाकांना.

सूर्यभानला वेगळंच वेड लागलं.

त्याला सुट्टी हवी होती.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं एका फ्रेंच पाद्र्यानं. परतवाड्याच्या छावणीत सूर्यभान कडबा पोचवायचा, तिथं हा पाद्री भेटायचा. मोडक्या हिंदुस्तानीत सांगायचा, माझ्या मुलखात डोंगर आहेत. कोणे काळी आग ओकायचे, आता विझलेत. दगड काळा, घरं काळ्या दगडाची, गाई हिरव्या कुरणात. जमिनीतून ऊन पाणी वर येतं. शहरातले लोक घराला कुलूप लावून तिथं जातात.

"जाऊन करतात काय?" सूर्यभाननं विचारलं.

"काही नाही. पाण्यात बसतात. मग गवतावर बसतात."

काही नाही! सूर्यभाननं जन्मात कधी 'काही नाही' केलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. मग अकोल्याच्या कापसाच्या बाजारात किसनराव भेटला. गरम पाण्याच्या त्या गावचा पाटील. "या न मंग," तो म्हणाला. "कुंड माह्या घराच्या मांगंच हाय."

झालं. पार्बताबाईचा खांदा वर्षभर धरलेला होताच. तेवढं निमित्त पुरलं.

पण घरात मनकर्णा होती.

मनकर्णा ही त्यांची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, लेकीच्या उशाशी आईनं बसायचं, हा आईचा मान. पार्बताबाईनं डिंक आणून ठेवला होता, जुनी मऊ लुगडी फाडून ठेवली होती. तिला जायचंच नव्हतं.

सुईण गंगूबाईनं पोट चाचपून पाहिलं. "अजून महिना हाय," म्हणाली.

"चार रोज राहू न वापस येऊ," सूर्यभान म्हणाला.

निघताना मनकर्णा दारात आली. "माय, लवकर येजो."

"गळा काढू नको," पार्बताबाई म्हणाली. "मी काय मराले चालली काय?"

बैलांची दमणी हलली. मागे वळून बघायचं तिच्या मनात होतं. पण खांदा वळेना, आणि मग तिला त्याचाही राग आला.

किसनरावाचं घर काळ्या दगडाचं. तो दगडही विचित्र, सगळा भोकंभोकं पडलेला, उकळता उकळता थिजल्यासारखा. पुढे पुरुषांची ओसरी. मागे स्वयंपाकघर. त्याच्या मागच्या दाराला लागून कुंड. दिवसरात्र वाफ.

सूर्यभान ओसरीवर टेकला. पार्बताबाई आत गेली.

चुलीपुढे एक बाई बसली होती. पदर पुढे ओढलेला.

"या बाई," ती म्हणाली. "दमल्या असान."

पाटलाची बायको, पार्बताबाईनं ओळखलं. दुसरं कोण असणार?

पहिले काही दिवस फार छान गेले, हे तीही कबूल करायची. कुंडात खांद्यापर्यंत बसलं की हाड मोकळं व्हायचं. ती बाई कशाला हात लावू देत नसे. गरम जेवण, घासलेली भांडी, सारवलेली जमीन. जेवायला मात्र ती सोबत कधी बसली नाही. "मी मांगून जेवतो," म्हणायची; आमच्याकडे बायकाही 'जेवतो'च म्हणतात. सूर्यभानला दाराआडून ताट सरकवायची. तो सभ्य माणूस. दुसऱ्याच्या बायकोकडे बघायचं नाही, म्हणून खाली मान घालून जेवायचा.

तिचा हात एकदा पार्बताबाईच्या हाताला लागला. गरम होता. आत्ताच उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा. चुलीपाशी बसते, तापणारच, तिनं मनाशी म्हटलं.

मग एका सकाळी पार्बताबाई कुंडात बसली होती. स्वयंपाकघर दहा पावलांवर. दार उघडं.

आणि तिच्या लक्षात आलं...

भाकरी थापल्याचा आवाज येत नव्हता.

वऱ्हाडातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. ज्वारीची भाकर थापली की तीन घरं ऐकू जाते. इथं नुसती शांतता. ती उठली, ओल्या लुगड्यानं आत गेली.

टोपली भाकरींनी भरलेली होती. वाफाळत होत्या.

"कवा केल्या वं?" तिनं विचारलं.

"झाल्या," बाई म्हणाली.

एरवी विचारणं त्या बाईचंच चालायचं. दुपारी पार्बताबाई आडवी झाली की बाई जवळ येऊन बसे आणि सुरू करी. पोरीचं नाव काय? घर कोणत्या बाजूनं? मागचं दार कुठं उघडते? डिंक कुठी ठेवला? पाण्याचा हंडा कुठी?

पाहुणचारातलं बोलणं म्हणून पार्बताबाई सांगत गेली.

मग एकदा बाईनं विचारलं, "पोरगी कोन्त्या कुशीवर झोपते?"

पार्बताबाई सांगायला गेली.

तिला माहीत नव्हतं.

"भेव वाटलं तं काय करते ते? रडते का गप्प बसते?"

हेही माहीत नव्हतं. पार्बताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमाले काय करा लागते हो?" ती ओरडली. "पोरगी माही हाय!"

बाईनं नुसतं ऐकून घेतलं.

त्याच संध्याकाळी पार्बताबाईनं नवऱ्याला गाठलं. "पुरे झालं. सकायी निंघा लागते. माह्या जिवाले चैन नाई."

"अवं, आत्ता कुठी बसून रायलो मी."

"घरी बसा!"

सकाळी सूर्यभान दमणी जुंपायला गेला. जुवात शिवळाच नाहीत. शिवळा म्हणजे जुवात बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना घालतात त्या खुंट्या. त्या नसल्या की गाडी जागची हलत नाही. किसनराव ओसरीवर बसून खदाखदा हसत होता. पाहुण्याला थांबवायची आमच्याकडची ही जुनी तऱ्हा. कुणी जोडे लपवतो, कुणी शिवळा.

"आजच्या दिवस राहा," तो म्हणाला. "उद्या जाजा."

सूर्यभानही हसला. त्याला काय, आयतंच मिळालं. पार्बताबाई आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. आग्रहाला नाही म्हणता येत नाही, हे आमच्या लोकांचं दुखणंच आहे. माणूस हसत हसत मान मोडतो आणि वरून उपकार मानावे लागतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवळा नाहीत.

या खेपेला किसनराव हसला नाही.

"म्या नाई लपवल्या, भाऊ. आईची आन."

गोठा पाहिला. कडब्याची गंजी उपसली. शेजारपाजारच्या शिवळा मागितल्या, तर त्या या जुवात बसेनात. सुताराला बोलवायला माणूस धाडला, तर सुतार लग्नाला गेलेला. दिवस असाच गेला. पार्बताबाई आतबाहेर करत राहिली. नवऱ्यावर ओरडली, पाटलावर पदराआडून ओरडली, बैलांवरसुद्धा ओरडली.

"सापडतीन," चुलीपुढची बाई म्हणाली. "पोरीची काळजी मले हाय न."

दिवेलागणीला पार्बताबाई पाय धुवायला कुंडावर गेली. परत फिरली, आणि मागच्या दाराशी थबकली.

आतून कुणी बोलत होतं. हळू. एकटंच.

"मने... भिऊ नको वं... मी हाय न जवय."

आवाज पार्बताबाईचा होता.

तिचा स्वतःचा. तिनं तो ओळखला. पण इतक्या मऊ सुरात तो तिनं कधी ऐकला नव्हता.

तिनं दार ढकललं. बाई चुलीपुढे बसलेली. पदर पुढे. गप्प.

"काय बोलत होत्या?"

"काई नाई."

त्या रात्री पार्बताबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खांद्याच्या दुखण्यानं तुझं डोकं फिरलंय. म्हणाला आणि कुशीवर वळून घोरायला लागला. अशा वेळी नवऱ्याचं काय करावं, हे तिला कधीच कळलं नाही.

सकाळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

चूल थंड. टोपली रिकामी.

बाहेरून सूर्यभानची हाक आली. शिवळा सापडल्या होत्या. जुवातच होत्या, जिथल्या तिथं बसवलेल्या. ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. तरी त्याला त्या हातात धरवेनात...

इतक्या गरम होत्या.

किसनराव निरोप द्यायला आला. इकडेतिकडे पाहिलं. मग जरा संकोचून सूर्यभानला म्हणाला, "भाऊ, एक इचारू काय? तुमच्यासंगं आलेली बाई कुठी गेली?"

"कोन्ती बाई?"

"मंजे? सयपाक करत होती ते. तुमी बाई घेऊन आले म्हनून तं म्या सयपाकाले सांगून ठेवलेल्या शेजारच्या गडीनीले येऊ नको म्हटलं."

सूर्यभाननं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"पाटील... ते तुमची घरवाली नोय?"

"माही घरवाली जाऊन आठ साल झाले," किसनराव म्हणाला.

बघा आता. एका छपराखाली इतके दिवस तिघं राहिले. तिच्या हातचं खाल्लं. पाहुण्यांना वाटलं यजमानाची बायको, यजमानाला वाटलं पाहुण्यांची बाई. परक्याच्या बाईबद्दल विचारायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. ही आपली रीत. त्या रीतीच्या फटीतून ती आरामात ये-जा करत होती.

पार्बताबाई आधीच दमणीत चढली होती. "हाका," ती म्हणाली. "हाका म्हनतो न!"

पण वाट सरेल तर ना.

मोर्शीपर्यंत ठीक गेलं. तिथून पुढे रस्ता कापसाच्या गाड्यांनी तुंबलेला. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर डोंगराएवढी ओझी. प्रत्येकाला बाजार गाठायचा होता, वाट कुणी देईना. पार्बताबाई खाली उतरली. भर रस्त्यात गाडीवानांना शिव्या घातल्या. हात जोडले. एकानं तर हसून विचारलं, "बाई, कापूस नाई, काई नाई, मंग एवढी घाई कायची?" ती तिथंच रडली असती. पण रडायलाही सवड नव्हती. मग एक बैल लंगडायला लागला. रात्र वाटेतच एका गावी काढावी लागली. ती रात्रभर दमणीत बसून राहिली, पाय खाली सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव आलं.

अंगणात तिची जाऊ लीलाबाई उभी होती. पार्बताबाईला दमणीतून उतरताना पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अवं... तू इकडून कशी? आत्ता तं मांगच्या दारी गेलती न, पानी आनाले?"

पार्बताबाईनं तिचा दंड धरून हलवला.

लीलाबाईनं सांगितलं ते असं. काल सकाळी मनकर्णेला अचानक कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. घरात धावपळ. आणि दुपारी, ऐन वेळेला, पार्बताबाई मागच्या दारानं आत आली. पायी. पदर पुढे ओढलेला. दमणी मागून येते, म्हणाली. डिंक कुठं, लुगड्याच्या चिंध्या कुठं, कुणाला विचारलं नाही. थेट लेकीच्या उशाशी जाऊन बसली. संध्याकाळी मुलगी झाली. मूल आडवं होतं, गंगूबाईनं आशा सोडली होती. पण झाली.

पार्बताबाई आत धावली.

खोलीत मनकर्णा पडलेली. कुशीत मूल. दोघी सुखरूप. पायथ्याशी गंगूबाई.

"तुह्या हातात जादू हाय वं, पार्बता," सुईण म्हणाली. "पोरीचं डोकं मांडीवर घेऊन रातभर बसली. पन हात कायचे एवढे गरम तुहे?"

पार्बताबाई मागच्या दाराकडे गेली.

तिथं कुणी नव्हतं.

चुलीवर हंडा होता. चुलीत जाळ नव्हता. तिनं राखेत हात घातला... राख थंडगार होती.

हंड्यातलं पाणी उकळत होतं.

नंतर किसनरावानं खूप शोध घेतला. कुंडात कधी कुणी बाई बुडाली होती का? नाही. कुणी बाळंतपणात गेली होती? म्हातारी माणसं म्हणाली, नाही. निदान एखादी छळून मारलेली सून तरी निघावी की नाही? तीही नाही. माणूस कशाला तरी धरून घाबरतो. इथं धरायला काहीच नाही, आणि याचाच मला संताप येतो.

सूर्यभान पुन्हा कधी सुट्टीला गेला नाही. पार्बताबाई मात्र जन्मभर एकच वाक्य घोकत राहिली. "ते मी नव्हतो." बारशाला म्हणाली. नातीच्या लग्नात म्हणाली. गावातल्या बायका आईच्या मायेचे गोडवे गायच्या आणि ती चिडून उठून जायची. मानाचं काम तिच्या हातून कुणीतरी काढून घेतलं होतं, वर श्रेय तिच्याच गळ्यात मारलं होतं. मनकर्णा कधी वाद घालायची नाही. नुसती हसायची.

इथपर्यंतची गोष्ट आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. मला अस्वस्थ करतं ते याच्या पुढचं. ते मनकर्णेनं फक्त आपल्या लेकीला सांगितलं. त्या दिवशी जन्मलेल्या लेकीला.

पार्बताबाई शेवटच्या दुखण्यात होती. मनकर्णा पाय चेपत बसली होती. दुपारची वेळ.

"मने," म्हातारी म्हणाली. "मराच्या वक्ती खोटं नाई बोलत. ते मी नव्हतो वं."

मनकर्णेचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत हाय, माय."

पार्बताबाईनं डोळे उघडले. "...कवापासून?"

"तवाच. तिनं माहा हात धरला न, तवाच समजलं. तू कवा हात धरला माहा?"

म्हातारीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मंग बोलली काहून नाई? वरडली काहून नाई, पोरी?"

मनकर्णेनं पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"ती निंघून गेली असती न," ती म्हणाली.